बेचाळिसावं मिनिट

चाळीस मिनिटं झाली की वल्हवायचं यंत्र आपोआप सैल पडायचं. दोरीतला ताण निघून जायचा आणि हातातली मूठ एकदम पोकळ लागायची. रणधीर मानेला त्या क्षणाचा राग यायचा.

"अजून दम हाय की माझ्यात," तो म्हणाला.

"तुमच्यात असेल," डॉ. नीलाक्षी सबनीस म्हणाल्या. "पण तुमच्या झडपेची तालीम एकेचाळीस मिनिटांचीच आहे. त्यातलं एक मिनिट मी राखून ठेवते."

शस्त्रक्रियेला तेरा आठवडे झाले होते. मधोमध कापलेलं छातीचं हाड सांधलं होतं. पहिला महिनाभर रणधीर खोकला आला की उशी छातीशी आवळून खोकायचा. कुशीवर वळायलाही बायकोचा हात लागायचा. पाण्याची कळशी सोडाच, चहाची किटली उचलायलाही मनाई होती. मग अंगणात दहा फेऱ्या, मग घाटापर्यंत चालणं, मग घाटाच्या बासष्ट पायऱ्या. आता मिरजेतल्या या हृदय केंद्रात आठवड्यातून तीन दिवस यंत्रावर वल्हवणं. त्याचं वय एकोणपन्नास. कृष्णाकाठच्या वाळवणे बोट क्लबाच्या होडीचं सुकाणू त्यानं बावीस वर्षं धरलं होतं, शर्यतीत आणि पुरातही. परत पाण्यावर जायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

एक गोष्ट मात्र त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती. घरी खुर्चीत नुसतं बसलं की छातीत काहीतरी अस्वस्थ असायचं. कुणीतरी दाराशी चपला घालून उभं आहे आणि आपण त्याला थांबवून धरलंय, असं. यंत्रावर बसून नाडी एकशे साठच्या वर गेली की ते शांत व्हायचं. माणसाला दमल्यावर बरं वाटतं. याला दमताना बरं वाटत होतं.

त्या दिवशी त्यानं ते डॉक्टरबाईंना सांगून टाकलं. त्या हसल्या.

"वाटणारच. झडपेला विश्रांती कुठं ठाऊक आहे?"

रणधीरच्या महाधमनीच्या झडपेला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या. पन्नाशीपर्यंत त्यांवर चुना साठून त्या कवडीसारख्या कडक झाल्या आणि एके सकाळी तो घाटाच्या पायरीवरच कोसळला. पूर्वी अशा वेळी धातूची झडप बसवत. ती जन्मभर टिके, पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्याही जन्मभर घ्याव्या लागत. नाहीतर जनावराच्या ऊतीची. ती दहा-पंधरा वर्षांत झिजे. अलीकडे तिसरा मार्ग निघाला होता. रुग्णाच्याच पेशी घ्यायच्या आणि विरघळणाऱ्या साच्यावर नवी झडप वाढवायची. झडप वाढायची, पण टिकायची नाही. काचेच्या टाकीत पंपाच्या एकसुरी ठोक्यावर वाढवलेली झडप माणसाच्या छातीत गेली की वर्षभरात फाटायची. मग लक्षात आलं, की पेशींना जसा ताण मिळतो तसे त्यांचे तंतू रचले जातात, आणि खरं हृदय कधीच एकसुरी चालत नाही. ते दचकतं, दमतं, सावरतं.

म्हणून आता टाकीतला पंप जिवंत माणसाच्या नोंदलेल्या नाडीवर चालवत. केंद्रातले लोक त्या टाकीला तालीमच म्हणायचे. सहा आठवडे, अहोरात्र, एकच नोंद पुन्हा पुन्हा. ज्या ताणात झडप घडली त्या ताणात ती घट्ट मिटायची. त्याबाहेर थोडी गळायची. झडपेशेजारी शिवलेला तांदळाएवढा संवेदक नाडी आणि ही गळती मोबाईलवर दाखवायचा. रणधीरची गळती विश्रांतीत चार टक्के, दमताना अर्धा टक्का. पंधराच्या वर गेली तर जिथं असाल तिथं थांबायचं, अशी ताकीद होती.

"चांगली नोंद मिळणं हीच खरी अडचण," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लोक पट्टी बांधतात, दहा मिनिटं पळतात आणि बसतात. तुमच्या क्लबानं सगळ्या जुन्या नोंदी आम्हाला दिल्या, त्यात हा तुकडा सापडला. एकशे चाळीस ते एकशे एकाहत्तरच्या दरम्यान, सलग एकेचाळीस मिनिटं. चढ, मग जरा उतार, मग पुन्हा चढ. आमच्या संग्रहात असा दुसरा नाही. आणि योगायोग बघा, तो तुमच्याच नावावर होता! सहा वर्षांपूर्वीचं तुमचंच हृदय तुमच्या झडपेचा वस्ताद."

त्यांनी एक कागद पुढं सरकवला. या नोंदीवर आणखी अकरा जणांच्या झडपा घडवायच्या होत्या. त्यात कऱ्हाडची एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. ही नोंद माझी आहे, इतरांसाठी वापरायला माझी हरकत नाही, अशा मजकुराखाली रणधीरची सही हवी होती.

रणधीरनं पेन घेतलं. "तुकडा बघू तरी माझा."

डॉक्टरबाईंनी पडदा त्याच्याकडं वळवला. लाल रेघ नाडीची, निळी श्वासाची. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. नऊ ऑगस्ट, दहा वाजून बावन्न मिनिटं.

तो बराच वेळ निळ्या रेघेकडं बघत राहिला. तिच्यात ठराविक अंतरानं एक दुहेरी खाच होती.

"ह्याच्या पुढचं?" त्यानं विचारलं.

"पुढचं आम्ही घेतलं नाही. बेचाळिसाव्या मिनिटापासून नुसता गोंधळ आहे. पट्टी सैल झाली असणार."

रणधीरनं पेन टेबलावर ठेवलं. "घरी वाचून आणतो."

"एका पानाचं वाचायचं काय त्यात?"

"सवय हाय," तो म्हणाला.

"बरं. सोमवारपर्यंत आणा. ती मुलगी वाट बघतेय."

होडीत वल्ही मारणारे प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसतात. पुढचं फक्त सुकाणूवाल्याला दिसतं आणि सुकाणूवाल्याला सगळ्यात जवळचं दिसतं ते पहिल्या वल्हेकऱ्याचं तोंड. अकरा वर्षं रणधीरच्या समोर, दोन हातांवर, जिनपाल मगदूमचं तोंड होतं. गोल, घामेजलेलं, ऐन शर्यतीतही दात काढणारं. जिनूची एक खोड होती. बारा वल्ही झाली की तो एकाला लागून एक असे दोन श्वास घ्यायचा. पोहतानाही तसंच. बारा हात, दोन श्वास. क्लबातले त्याला त्यावरून 'डझनवाला' म्हणायचे. निळ्या रेघेतली खाच दर बारा हातांवर होती.

केंद्रातून रणधीर घरी न जाता थेट क्लबाच्या शेडवर गेला. भिंतीवर वीस खिळे, प्रत्येकाखाली आकडा. सातवा रणधीरचा, आठवा जिनपालचा. खिळ्यांवर छातीला बांधायच्या पट्ट्या. पट्टी नाडी आणि श्वास मोजायची आणि घाटावरच्या मनोऱ्याला आकडे पाठवायची. माणूस कुठं आहे ते तिला कळत नसे. शर्यतीच्या सरावासाठी घेतलेला स्वस्तातला माल होता. आपल्या खिळ्याची पट्टी आपण बांधायची, असा नियम भिंतीवर रंगवलेला होता आणि तो कुणीच पाळत नव्हतं. ज्याच्या हाताला जी लागेल ती. एकाचा सराव दुसऱ्याच्या नावावर चढायचा आणि त्यावरून चेष्टा चालायची. नोंदी केंद्राला देताना हे सांगायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

सुकाणूवाल्याला पट्टी लागत नाही. रणधीरची सातव्या खिळ्यावर धूळ खात असायची. महापुरानंतर तो खिळा रिकामा होता आणि आठव्यावरची पट्टी जागेवर होती. जिनू त्या दिवशी पट्टी न बांधताच उतरला, असं सगळ्यांनी धरलं. रणधीरची पट्टी गडबडीत हरवली, असं रणधीरनं धरलं.

आता रिकाम्या खिळ्यासमोर उभं राहून त्याला वेगळंच आठवलं. क्लबात एक जुनी रीत होती. पुरात उतरणाऱ्यानं सुकाणूवाल्याची एखादी वस्तू अंगावर घ्यायची. टॉवेल, टोपी, काहीही. मग सुकाणूवाला त्याला पाण्यात विसरत नाही. त्या सकाळी जिनूनं टॉवेल मागितला होता.

"भिजलाय, मर्दा," रणधीर म्हणाला होता.

"बगतो मग तुझं दुसरं काहीतरी," असं म्हणत जिनू शेडमध्ये गेला होता.

नऊ ऑगस्टला कृष्णा चौपन्न फुटांवर होती. गल्ल्या अरुंद म्हणून दोघांचीच लहान होडी घेऊन ते खालच्या आळीत गेले. एका पत्र्यावर सहा माणसं अडकली होती. दोन बाया, त्यांची मुलं, एक म्हातारी आणि तिचा नवरा. त्यांना होडीत घेताना होडी स्थिर राहावी म्हणून जिनू पाण्यात उतरला. नाड म्हणजे जाड दोर; तिचं एक टोक त्याच्या कमरेला, एक होडीला, आणि तो विजेच्या खांबाला मिठी मारून. सहावा माणूस होडीत आला तेव्हा वरून अख्खं बाभळीचं झाड वाहत आलं आणि नाडीत अडकलं. होडी कलली. पाणी आत येऊ लागलं. रणधीरनं कोयता उचलला आणि नाड कापली.

होडी सुटली. धारेनंच ती घाटाच्या भिंतीला आणून लावली आणि वरच्या लोकांनी आकडी टाकून ओढून घेतली. जिनूचं डोकं झाडाच्या फांद्यांत एकदा दिसलं, मग दिसलं नाही. पुराच्या वहीत रणधीरनं स्वतःच्या हातानं लिहिलं, १०.५२, नाड सुटली.

घाटावर दुसरी होडी तयार होती. क्लबाचे अध्यक्ष सुबरावआण्णा म्हणाले, "खाली घालू का रे हिला?"

"नको," रणधीर म्हणाला. "डोळ्यादेखत गेला. एका क्षणात. ही वरच्या आळीला पाठवा."

होडी वरच्या आळीला गेली आणि नऊ माणसं घेऊन आली. जिनू तिसऱ्या दिवशी चौदा किलोमीटर खाली सापडला. अंगावर काही राहिलं नव्हतं.

"सही केली काय?" घरी वर्षाराणीनं, बायकोनं, विचारलं.

"न्हाई."

"आता त्यात काय राहिलं? आपलीच नाडी, आपलीच झडप. अहो, पुण्याचं काम हाय."

रणधीर खुर्चीत बसून हिशेब करत होता. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. त्याची मिनिटं साठ हजार चारशे ऐंशी. भागिले एकेचाळीस. उत्तर पावणेपंधराशे आलं. मिरजेतल्या काचेच्या टाकीत जिनू पावणेपंधराशे वेळा नाड कापल्यापासून सुरू झाला होता आणि पावणेपंधराशे वेळा त्याला एकेचाळिसाव्या मिनिटाला थांबवून पुन्हा पहिल्या मिनिटाला आणून सोडलं होतं. आणि त्यातून जे घट्ट झालं ते आता इथं, बरगड्यांच्या मागं, मिटत आणि उघडत होतं.

छातीतला माणूस चपला घालून उभाच होता.

जिनपालची बायको त्रिशला बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणीवर देखरेख करायची. शनिवारी दुपारी रणधीर तिथं गेला तेव्हा ती पट्ट्यावरून सरकणाऱ्या बेदाण्यातले काळे दाणे न बघता, नुसत्या बोटांनी वेचत होती.

"आलात होय, भाऊजी?" ती म्हणाली. "मला वाटलं, नव्या झडपेला आमच्याकडचा रस्ता ठाऊक नसंल."

"जुनीला तरी कुठं ठाऊक हुता, वैनी."

"ते बी खरं. दवाखान्यात मी आले तर भिंतीकडं तोंड करून झोपलात. वर्षाराणी म्हणाली गुंगी हाय. डोळं उघडं ठेवून गुंगी?" तिनं ओंजळभर बेदाणे त्याच्यापुढं धरले. "खावा. ह्याला डॉक्टरनं न्हाई म्हटलं नसंल."

तो ओंजळ घेऊन उभा राहिला. त्यानं ठरवून आणलेली वाक्यं आठवेनात.

"वैनी, त्या दिवशी जिनूनं माझं काय घेतलं हुतं अंगावर?"

तिचा हात थांबला. काळे दाणे पुढं सरकून गेले.

"सहा वर्षांनी इचारताय?" ती म्हणाली. मग पट्टा बंद करून तिनं हात पुसले. "पट्टी. उतरायच्या आधी फोन केला हुता मला. म्हणाले, रण्याचा टॉवेल भिजलाय, त्याची पट्टी घेतलीय. लई घट्ट बसतीय, म्हणाले, सुकाणू धरून धरून ह्याची छातीच वाढली न्हाई."

ती हसली आणि हसू तसंच तोंडावर ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. "का?"

शेडच्या मागं रिकाम्या क्रेटवर ते दोघं बसले. रणधीरनं आधी सोपं वाटलेलं सांगितलं. "नाड सुटली न्हवती. मी कापली."

"ते मला ठाऊक हाय."

त्यानं मान वर केली.

"दुसऱ्या दिवशी होडी धुवायला मीच हुते न्हवं?" त्रिशला म्हणाली. "सुटलेल्या नाडीचं टोक पिंजलेलं असतंय. होडीतलं टोक साफ हुतं. सहा माणसं हुती तुमच्याजवळ. ह्यांना इचारलं असतं तर ह्यांनीबी काप म्हणूनच सांगितलं असतं."

"मग कधी बोलला न्हाईसा?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

मग त्यानं दुसरं सांगितलं. पट्टी, तुकडा, लाल रेघ, निळी रेघ, बारा हातांवरची खाच. पहिली नऊ मिनिटं चढ, मग अठरा मिनिटं उतार, काहीतरी धरल्यासारखा. मग पुन्हा चौदा मिनिटं चढ. तो वहीतली नोंद वाचून दाखवावी तसा सांगत होता, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगता आलं नसतं.

"एकूण किती?" तिनं विचारलं.

"एकेचाळीस."

पलीकडं कुणीतरी पट्टा पुन्हा सुरू केला.

"तुमच्या सहाजणांना चहा मी दिला," ती म्हणाली. "पातेलं ठेवलं. उकळलं, गाळलं, दिला. म्हातारी म्हणाली आणि घोटभर पायजे. म्हणून पुन्हा ठेवलं. पुन्हा दिला. कप विसळून पालथे घातले."

"वैनी..."

"तवर ते हुते."

"होय."

"कापलीत, त्याचं माझं म्हणणं न्हाई. पण एका क्षणात गेला, असं का म्हणालात? मी घाटावर उभी राहून उंबर म्हणत हुते. वाकणातल्या उंबराकडं बगा, तिथं सगळं अडकतंय. तुम्ही म्हणालात, वैनी, त्याला काही त्रास झाला न्हाई."

"मला परत दिसला न्हाई तो. खरंच."

"दिसला न्हाई आणि गेला, ह्यात फरक हाय, भाऊजी."

रणधीरच्या मुठीतले बेदाणे चिकट झाले होते. त्यानं सहा वर्षांत हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "सापडला असता तर," तो म्हणाला, "परत त्याच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. रोज. दोन हातांवरनं."

त्रिशला उठली. तिनं पदराऐवजी खांद्यावरून घेतलेली पिवळी ओढणी झटकली, तिला चिकटलेले देठ काढले.

"त्या कऱ्हाडच्या पोरीला द्यायचं का न्हाई, हे माझ्यावर हाय का आता?"

"होय. सही तुमची लागंल."

"करते. पोरीनं काय केलंय? फक्त नाव ह्यांचं घालायचं. पुरं नाव. जिनपाल आदगोंडा मगदूम. आणि एकेचाळीसच्या पुढचं त्यांनी ठेवलंय का टाकलंय?"

"गोंधळ हाय म्हणाल्या. घेतलं न्हाई."

"हं." ती शेडकडं वळली आणि थांबली. "उद्या सकाळी सात वाजता घाटावर या. दोघांची होडी काढून ठेवा. वल्ही तुम्ही मारायची, सुकाणू मी धरते."

"तुम्हाला येतंय?"

"नागपंचमीच्या बायकांच्या शर्यतीत चार वर्षं सुकाणू कोण धरतंय? तुम्ही आमच्याकडं बघतच न्हाई, म्हणून ठाऊक न्हाई."

दिवाळी होऊन गेली होती. नदी पात्रात उतरली होती, पण वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलेलं असल्यानं धार चांगली होती. रणधीरनं होडी पाण्यात ढकलली. तेरा आठवड्यांपूर्वी उघडलेल्या छातीनं ते सहन केलं. मोबाईल त्यानं दोघांच्या मधल्या फळीवर ठेवला. नाडी ब्याण्णव, गळती चार.

बावीस वर्षांत पहिल्यांदा तो वल्हेकऱ्याच्या जागी बसला. पाठ प्रवाहाकडं. पुढचं काही दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त समोरचं तोंड, दोन हातांवर. जिनूला अकरा वर्षं असंच दिसत असणार, एक तोंड आणि त्याच्यावरचा भरवसा.

तिची कुठलीही वस्तू त्याच्या अंगावर नव्हती. रीत तिलाही ठाऊक होती. तिनं दिलं नाही, त्यानं मागितलं नाही.

"बारा मारा," त्रिशला म्हणाली. "मग दोन श्वास."

त्यानं बारा मारली. दोन श्वास घेतले. पुन्हा बारा. घाट मागं पडला, देवळाचं शिखर झाडीआड गेलं. सहाव्या मिनिटाला नाडी एकशे बासष्ट झाली, आठव्याला एकशे अडुसष्ट. गळती अर्धा टक्का. छातीतला माणूस चालू लागला होता.

"नऊ," तो म्हणाला.

ती त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत होती. "उंबर आला," ती म्हणाली. "हळू मारा आता. अठरा मिनिटं."

तिनं सुकाणू वळवलं. होडी वाकणातल्या उंबरासमोर गोल फिरू लागली. पाण्यावर ओणवलेल्या जाड फांदीला पुरात अडकलेली चिंधी अजून लोंबत होती; कुठल्या पुरातली कोण जाणे. नाडी एकशे बेचाळीसवर आली. प्रत्येक फेरीला फांदी जवळ आली की त्रिशला हात लांब करून सालीला स्पर्श करायची, आणि होडी पुढं जायची. इथून घाटाचं टोक दिसत होतं. तिथं उभं राहिलेलं माणूस दिसलं असतं. चुलीचा धूर तर नक्की दिसला असता. रणधीरनं ते बघितलं आणि तिनंही बघितलंय, हे त्याला कळलं.

"सत्तावीस," तो म्हणाला.

"फांदी मोडली असंल," ती म्हणाली. "किंवा हात. मारा."

त्यानं मारली. वाकणाच्या पुढं पात्र रुंद होतं आणि धरायला काही नाही. एकशे पासष्ट. एकशे सत्तर. दंड पेटले होते, छातीच्या हाडावर सांध्याची रेघ ठणकत होती, आणि तिच्या आत सगळं विलक्षण स्वस्थ होतं. झडपेला ही वाट पाठ होती. पावणेपंधराशे वेळा ती इथून गेली होती. रणधीरला वाटलं, हे असंच चालत राहिलं तर आपल्याला काही करावंच लागणार नाही. तोच मारेल, आपण नुसते हात पुरवू.

त्रिशलाचे ओठ हलत होते. ती वल्ही मोजत होती. बारा झाली की तीही दोन श्वास घेत होती.

अडतीस. एकोणचाळीस. चाळीसला त्याची मूठ सवयीनं सैल पडू लागली. इथं दोरीतला ताण आपोआप जाणार नव्हता.

"एकेचाळीस," तो म्हणाला आणि वल्ही पाण्याबाहेर काढली.

होडी सरकत राहिली. तिथं काहीच नव्हतं. दोन्ही काठ लांब, मधे तपकिरी पाणी, त्यावर एक पाणकावळा. त्रिशलानं सुकाणू सोडलं नाही, पण डोळे मिटले, आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. जे नोंदीत नव्हतं ते ती बघत होती. रणधीरनं मान खाली घातली नाही. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. एवढं तरी त्याला करायलाच हवं होतं.

फळीवरचा आकडा हलला. दीड. दोन. तीन. झडप घरच्या रस्त्याच्या बाहेर आली होती आणि बावरली होती. छातीतला तो स्वस्थपणा गेला, आणि त्या जागी एक साधी, मोठी, माणसाची धाप आली.

त्रिशलानं डोळे उघडले. "इथनं घाट किती?"

"उलट्या धारेत? पाऊण तास. सावकाश मारलं तर तासभर."

"कुणाला तरी फोन करून इंजिनाची होडी मागवायची का?"

त्यानं आकड्याकडं बघितलं. तीनच होता. "नको," तो म्हणाला. "मारतो."

तिनं सुकाणू दाबून होडी फिरवली. नाक घाटाकडं झालं. मग तिनं खांद्यावरची पिवळी ओढणी काढली, गुंडाळली आणि त्याच्या मांडीवर टाकली.

"बांधा," ती म्हणाली. "रीत हाय."

त्यानं ओढणी छातीवरून आडवी घेतली, हाडावरच्या व्रणाच्या खाली, आणि बाजूला गाठ मारली. लई घट्ट बसत होती.

"पंधराला थांबायचं न्हवं?" त्रिशलानं विचारलं.

"होय."

"मी बघत राहते," ती म्हणाली. "तुम्ही मारा."

रणधीरनं वल्ही पाण्यात घातली. धार समोरून आली, त्याच्या पाठीवर. त्यानं पहिलं वल्हं ओढलं, दुसरं ओढलं. बारापर्यंत त्याचा दम पुरला नाही. सातव्यालाच तो थांबला, आणि त्यानं एकच श्वास घेतला.